शालनची मान

शालन साळोखे गेल्या, पण त्यांची मान मागे राहिली.

हे बोलण्यापुरतं नव्हे, ती खरोखरच राहिली. राजारामपुरीतल्या एका संशोधन केंद्रात त्यांच्या मानेचा साचा जपून ठेवला होता. डॉ. नाझनीन मुजावर यांना अशी माणसं हवी होती, ज्यांनी आयुष्यात कधी फोनमध्ये डोकं घातलेलं नाही. त्या काळात कोल्हापुरात माणसं एकमेकांना टाळूवरून ओळखू लागली होती, कारण चेहरा वर करायला कुणाला सवडच नव्हती. अशा गावात शालनताई सापडल्या म्हटल्यावर डॉक्टरांना घबाड मिळाल्यासारखं झालं. साठी ओलांडलेली बाई, पण मान कशी सरळ. गळ्याशी पातळ पट्टी चिकटवून त्या दीडेक महिना वावरल्या. भाकऱ्या थापल्या, अंबाबाईला जाऊन आल्या, नवऱ्याला चहा दिला, आणि पट्टी त्यांच्या मानेची, आणि तिच्यासोबत हलणाऱ्या डोळ्यांची, खांद्यांची, हातांची प्रत्येक हालचाल टिपत राहिली.

"जन्मभर मान काही मिळाला नाही," त्या हसून म्हणायच्या, "आता मात्र माझी मान मागायला लोक दारात आलेत."

त्याच हिवाळ्यात हृदयाचं दुखणं उद्भवलं आणि त्या गेल्या. नवरा आणि मुलगी, दोघंच मागे उरली.

मुलगी केतकी शिरोलीच्या एका फाउंड्रीसाठी घरूनच काम करायची. लोखंडाचा रस ज्यात ओततात त्या साच्यांची चित्रं ती संगणकावर काढायची. कामाला वाघ, मानेवर खडा ठेवून बसायची, आणि काम संपलं की विरंगुळा म्हणून त्याच मानेने फोनमध्ये बघायची. मग मान पुढे आली, पाठीला पोक आला, बोटं बधिर होऊ लागली. एकदा हातातला कप सुटून फुटला तेव्हा वडीलच घाबरले.

तिचे वडील रमाकांत साळोखे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. अर्धं गाव त्यांना 'सर' म्हणे, घरात ते 'आबा' होते. शालनताई गेल्यावर हा माणूस ओट्यापाशी उभं राहून भाकरी करायला शिकला. भाकरी कधी गोल झाली नाही, पण लेकीला गरम मिळायची. रोज संध्याकाळी ते तिच्या मानेला बाम चोळून द्यायचे. "खडा आलाय बघ इथं," म्हणत अंगठ्याने हलकेच दाबायचे. केतकीला साऱ्या जगात एवढं हक्काचं दुसरं माणूस नव्हतं.

शेवटी आबांनीच तिला डॉ. मुजावरांकडे नेलं.

"व्यायाम किती जणांनी किती वेळा सांगितले असतील तुला," डॉक्टर म्हणाल्या. "करतेस, मान सरळ होते, आणि लक्ष गेलं की पुन्हा पुढे. का, माहीत आहे?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपलं डोकं चार-पाच किलोचं. ते सरळ तोललेलं असेल तर मानेला भार जाणवत नाही. पुढे कललं की तेच ओझं स्नायूंना कितीतरी पटींनी पेलावं लागतं. मानेच्या स्नायूंत बारीक बारीक संवेदनाग्रं असतात आणि स्नायू किती ताणलाय ही खबर ती सतत मेंदूला पोचवतात. वर्षानुवर्षं मान वाकलेली राहिली की मेंदू त्या खबरीलाच 'सरळ' समजू लागतो. म्हणजे नुसती मान वाकडी होत नाही, 'सरळ' या शब्दाचा अर्थच डोक्यात वाकडा होतो. डॉक्टरांची नवी पट्टी मानगुटीवर बसायची आणि नसांमधून मेंदूला दुसरी खबर द्यायची, एका सरळ मानेची. काही महिन्यांत मेंदू तीच खरी मानायला लागला की पट्टी काढायची. त्याला त्या 'मान पक्की होणं' म्हणायच्या.

"पण सरळ मान कुणाची?" आबांनी विचारलं. विज्ञानाच्या मास्तराला शोभेल असाच प्रश्न होता.

"तीच तर गोम आहे, सर. हजार जणांची सरासरी काढून लावली तर लोकांना घेरी यायला लागली. रक्ताच्या माणसाची लावली की बसते. आणि मान काही खांबासारखी स्थिर नसते. कुठून आवाज आला की कशी वळते, काय दिसलं की कशी झुकते, हे सगळं साच्यात असतं. ते वगळलं तर उरतो तो लाकडी ठोकळा." डॉक्टर केतकीकडे वळल्या. "तुझ्या आईंचा साचा आमच्याकडे आहे."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लगेच हो म्हणाली.

पट्टी बसली आणि महिनाभरात केतकीचा कायापालट झाला. बोटांत जान आली. असे पट्टीवाले गावात वाढले होते आणि लोक त्यांना 'मानकरी' म्हणून चिडवत. केतकीलाही गल्लीत कुणी कुणी "काय मानकरी, इकडं कुठं?" विचारलं. तिला त्याची मजा वाटायची. खरा आनंद वेगळाच होता. आरशासमोरून जाताना कधी कधी तिला वाटे, आईच गेली. कुणी बोलायला लागलं की तिचं डोकं जरा डावीकडे वळे आणि उजवा कान पुढे येई. ही आईची लकब. आईला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. लग्नानंतर एकदा विहिरीत पोहताना पाणी जाऊन कान गेला, असं घरात सगळे सांगायचे.

गडहिंग्लजहून शोभामावशी आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई," ती म्हणाली, "शालनच उभी हाय की."

मावशीने तिच्या गालांवरून हात फिरवला आणि जेवताना सारखी तिच्याकडेच बघत राहिली.

आबांची एक जुनी रीत होती. घरातल्या पुरुषाने उंबऱ्याशी खाकरून मग आत यावं, म्हणजे आतल्या बायका सावरून बसतात. घर जाऊन फ्लॅट आला, उंबऱ्याच्या जागी फरशीची पट्टी आली, सावरून बसायला आत कुणी उरलं नाही, तरी आबा दाराशी खाकरायचेच. शालनताई असताना ते खाकरले की त्या मान वळवून डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या. पाव्हणेरावळे त्याचं कौतुक करायचे. केवढ्या मर्यादेची बाई, म्हणायचे. लेकीसुनांना दाखला द्यायचे.

साचा अंगात मुरायला वेळ लागतो. म्हणून ते आधी घडलं नसावं.

त्या दिवशी केतकी ओट्यापाशी कांदा चिरत होती. बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला, दार उघडलं आणि आबा खाकरले. केतकीचे डोळे घट्ट मिटले. डावा खांदा वर उचलला गेला, डोकं उजवीकडे खाली दडलं आणि डावा हात झपकन वर गेला. हाताला पदर सापडला नाही. अंगात टी-शर्ट होता. हात सरळ जाऊन डाव्या कानावर बसला आणि कान झाकून तसाच राहिला.

"काय गं, कान दुखतोय?" आबांनी काळजीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. सुरी हातातून पडली होती. हालचाल तिच्या ओळखीची होती, जन्मभर तिने ती पाहिली होती. फक्त मध्ये पदर असायचा. पदर नव्हता म्हणून आज ती पहिल्यांदा दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा झाली, संध्याकाळी पुन्हा. शेजारचे काका खाकरले तर काही होत नव्हतं. कुकरची शिट्टी, ताट पडणं, कशानेच नाही. आबांच्या खाकरण्यानेच व्हायची. केतकीने ताठ बसून पाहिलं, दात आवळून पाहिलं. पण मान तिला विचारत नव्हती. आणि त्या क्षणी नुसती मान हलत नसे, पोटात खोल कुठेतरी थंड पडे. ज्या माणसाच्या हातची वाकडी भाकरी ती खात होती, त्याच्या चाहुलीने तिचं अंग चोरलं जाई. संध्याकाळी बाम चोळायला आबांचा हात मानेजवळ आला आणि ती नको म्हणाली. पट्टी आहे ना, म्हणाली. आबा हात पुसत मागे फिरले.

डॉ. मुजावरांनी शालनताईंची नोंद पडद्यावर उघडली आणि बराच वेळ पुढे-मागे करत राहिल्या.

"ही लाट बघ. रोज आहे. सर घरी यायच्या वेळांना. सर लग्नाला साताऱ्याला गेले होते म्हणतेस, त्या दिवशी अजिबात नाही." त्यांनी चष्मा काढला. "केतकी, माझी चूक झालीय. यंत्राने या लाटेला 'दचकणं' म्हटलं होतं. ते मीच खोडलं. म्हटलं, यंत्राला काय कळतंय, पदर घेणाऱ्या बायका त्याने पाहिल्यात कुठे. आणि तिथं 'पदर' अशी खूण केली. माझी आजीही अशीच ओढणी सावरायची, मला वेगळं वाटलंच नाही."

"मग पदर नाही?"

"पदर घेताना आधी हात उठतो, मान त्याच्यामागून जाते. इथं आधी डोळे मिटलेत. मग खांदा. हात सगळ्यात शेवटी, आणि तोही कानावर." त्यांनी नोंद तिथेच थांबवली. "मार चुकवताना माणूस असा होतो."

केतकीला आपलं काम आठवलं. फाउंड्रीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. साच्यात ओरखडा असला की तो प्रत्येक नगात उतरतो. नग कितीही घासा, पुढचा पुन्हा तसाच निघतो.

"एवढा भाग काढून टाकता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण मान पक्की व्हायच्या आत. नंतर नाही. आणि तो काढताना आजूबाजूचंही थोडं जाईल. तुझी ती कान पुढे करायची लकब, ती बहुधा जाईल. ती याच्याशीच गुंतलीय."

घरी न जाता केतकीने रंकाळ्याच्या काठावर बसून मावशीला फोन लावला.

"मावशी, आईचा कान कशानं गेला?"

"विहिरीत पवताना. ठावं हाय की तुला."

"मावशी, माझी मान बघितलीस ना तू? आबा खाकरले की ती काय करते, ते मी आता बघतेय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"आता कशाला उकरून काढतीस," मावशी म्हणाली. मग आवाज बारीक करून सांगू लागली. "तुझ्या जन्माआधीची गोष्ट. रेडिओ लावून बसली हुती. दाजी दारात खाकरले, हिला ऐकू आलं न्हाई, उठली न्हाई. संगं शाळेतलं कोण पाव्हणं हुतं. त्यांच्यापुढं अपमान झाला म्हनं. पाव्हणं गेल्यावर पुन्हा बाहेर गेले, पुन्हा खाकरून आत आले, आनि कानाखाली मारली. एकदाच. एकदाच झालं असं ती शपथेवर सांगायची. विहिरीचं तिनंच उठवलं, आईबापाला कळू न्हाई म्हनून."

एकदाच. केतकीला वाटत होतं, रोजचं असतं तर निदान समजलं असतं. एकदाच मारलं आणि बाई पुढची सगळी वर्षं दिवसातून दोन-तीनदा कान झाकत राहिली, आणि लोक वाहवा करत राहिले. त्यात केतकी स्वतःही होती. लहानपणी टॉवेल डोक्यावर घेऊन ती आईची नक्कल करायची आणि सगळे हसायचे. आईसुद्धा हसायची.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने आबांना सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. आबांनी घास खाली ठेवला.

"असलं काही झालेलं नाही."

"मावशी सांगते."

"शोभाला काय, मीठमिरची लावायची सवय आहे. मी तुझ्या आईवर हात उचलला नाही कधी. ती मर्यादेची बाई होती, पदर घ्यायची. तुम्ही आजकालच्या पोरी, तुम्हाला मर्यादा आणि भीती यातला फरक कळत नाही."

"आबा, यंत्राला कळला."

आबा खोटं बोलत असते तर तिला चीड आली असती, पण त्यांचा चेहरा खरा होता. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं. तेच तिला सहन होईना.

"वर्गात तुम्ही काय सांगायचा?" ती म्हणाली. "प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही."

आबांनी मान वर करायचा प्रयत्न केला. निवृत्तीनंतर तेही दिवसभर फोनमध्ये असत आणि त्यांची मान तिच्यापेक्षा वाईट झाली होती, आमटी शर्टावर सांडायची. "मग लावा मलाच," ते म्हणाले. "शालन माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. रक्त एकच आहे. बसेल मला तिची मान. होऊ दे सिद्ध."

डॉक्टर तयार नव्हत्या. आबांनी हट्ट धरला. साफ केलेला साचा त्यांना नको होता, जसाच्या तसा हवा होता. शालनताईंची वारस म्हणून केतकीची संमती लागत होती. तिने दिली, आणि देताना तिचा आवाज कापला नाही. याचं तिला नंतर नवल वाटलं.

आबांची मान झपाट्याने सुधारली. शर्ट स्वच्छ राहू लागले. जुने विद्यार्थी रस्त्यात थांबवून म्हणू लागले, सर, तुम्ही तर पुन्हा वर्गावर जाल. आणि रोज संध्याकाळी ते दाराशी मुद्दाम मोठ्याने खाकरत, ताठ मानेने आत येत आणि लेकीकडे बघत.

"काही होतंय का मला? बघ नीट."

काहीच होत नव्हतं. ओट्यापाशी केतकीचा हात मात्र कानावर गेलेला असे, आणि ती बापाकडे तशीच बघत राही.

तिने डॉक्टरांना विचारलं. "स्वतःच्या बोटांनी स्वतःला गुदगुल्या होतात का?" डॉक्टर म्हणाल्या. "आपण करणार असलेला आवाज मेंदूला आधीच ठाऊक असतो. त्याला तो दचकत नाही. सरांचं खाकरणं ध्वनिमुद्रित करून त्यांना ऐकवलं, तर होईल."

फोन हातातच होता. आबा दाराशी यायची वेळ झाली होती. पण केतकीच्याने झालं नाही. बापाला सापळा लावून पकडायचं, आणि तेही आईच्या भीतीचं आमिष लावून, हे तिच्या मनाला पटेना. तिने आपली मान साफ करून घेतली आणि हा विषय बंद करायचं ठरवलं.

शिक्षकदिनाला जुन्या विद्यार्थ्यांनी आबांच्या फोनवर एक चित्रफीत पाठवली. आबांच्या निवृत्तीचा सत्कार. दुपारी आबा खुर्चीत बसून ती बघत होते. केतकी बाहेर जायला निघाली होती, त्यांच्या पाठीमागून सहज तिची नजर पडली. मंडप, हार, व्यासपीठावर खुर्च्यांची रांग. शेवटच्या खुर्चीवर आई, नव्या साडीत, सरळ मानेने. सूत्रसंचालकाने नाव पुकारलं. पडद्यावरचे आबा उठले, माइकपाशी गेले आणि भाषणाआधी खाकरले.

पडद्यावर आईचे डोळे मिटले. खांदा उचलला, डोकं उजवीकडे दडलं, हात वर गेला आणि पदर पुढे आला. समोर बसलेल्यांतून कौतुकाची कुजबूज उठली.

आणि खुर्चीत बसलेल्या आबांचा डावा खांदा त्याच क्षणी वर उचलला गेला. पांढरं डोकं उजवीकडे दडलं. म्हातारा हात डाव्या कानावर जाऊन बसला.

केतकीची साफ केलेली मान जागची हलली नाही. आबांनी कानावरचा हात काढून समोर धरला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग चित्रफीत मागे नेली. पुन्हा खाकरणं. पुन्हा पडद्यावर ती आणि इथे हे, दोघं एकाच वेळी, एकसारखी. त्यांनी पुन्हा मागे नेली.

"आबा, बस झालं," केतकी म्हणाली.

"पोटात कसं होतं गं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "असं व्हायचं तिला? रोज?"

त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"मला आठवत नाही, केतकी. खरंच सांगतो. तिच्या मानेला एवढं आठवतंय आणि मला काहीच आठवत नाही."

ती त्यांच्याजवळ गेली नाही. जावंसं वाटलं, पण पाय उचलला नाही.

पुढे दोन्ही माना पक्क्या झाल्या. केतकीची साफ केलेली. तिची भीती गेली, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या तशी कान पुढे करायची लकबही गेली. आरशात आता आई दिसत नाही, याचं तिला फार वाईट वाटतं. आबांना डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं. "आहे तशीच पक्की करा," एवढंच ते म्हणाले.

दाराशी आता ते खाकरत नाहीत. बाहेर उभे राहतात आणि "केतकी, मी आलोय, येऊ का?" असं विचारतात. तिने 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. भाकरी अजून वाकडीच होते.

फक्त दुपारी ती कामाला बसली की आबांच्या खोलीचं दार लोटलेलं असतं. आतून मंडपातली गडबड ऐकू येते, आबांचं नाव पुकारलं जातं आणि ते खाकरतात. मग शांतता. मग पुन्हा गडबड, पुन्हा नाव, पुन्हा खाकरणं. भाषण मात्र कधीच सुरू होत नाही.